आधी माथा, मग पायथा

वैशाखाच्या उन्हात शिंदखेडा तालुक्यातून जाताना दूरवर उघडे माळ आणि बोडक्या टेकड्या दिसतात. बुराई नदीचे पात्र कोरडे असते. विहिरींचे तळ उघडे पडतात. सह्याद्रीच्या पूर्वेस असल्यामुळे खानदेशाच्या या भागाला पाऊस बेताचाच लाभतो.

वाळवंट म्हटले, की वाळूचे ढिगारे डोळ्यांपुढे येतात. परंतु वाळूचा एक कणही न येता चांगली जमीन ओसाड होऊ शकते. झाडे तुटली आणि गुरांनी गवत मुळापर्यंत खाल्ले, की पावसाच्या थेंबांचा मारा उघड्या मातीवर बसतो. माती सुटी होऊन पाण्याबरोबर वाहून जाते व मागे नुसता मुरूम उरतो. बोटभर माती तयार होण्यास शतके लागतात. ती वाहून जाण्यास थोडे पावसाळे पुरतात. २०१८-१९ च्या पाहणीत भारतातील सुमारे ३० टक्के भूमीचा असा ऱ्हास झालेला आढळला.

यावर उपाय अनेक आहेत. पण निष्णात वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. तद्वत जमिनीचा उतार, माती व खडक पाहिल्यावाचून उपाय ठरवू नये. पाणी माथ्यावरून पायथ्याकडे धावते, म्हणून कामही माथ्यापासून सुरू करावे. टेकडीवर समपातळीत चर खणावेत, गवत राखावे, झाडे लावावीत. उतारावरील शेतांना बांध घालावेत. नाल्यावर बंधारा बांधावा तो शेवटी. हा क्रम उलटा केला, तर उघड्या टेकडीवरील गाळ वाहून येतो आणि बंधारा लवकरच भरून जातो. पैसा जातो, श्रम जातात आणि विहीर कोरडी ती कोरडीच राहते.

तापीपलीकडील शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधारे बांधण्यात आले. विहिरींचे पाणी वाढले. परंतु तेथे तापीच्या गाळाचे जाड थर आहेत. शिंदखेड्यात बहुतेक ठिकाणी माती पातळ आणि खाली काळा कातळ आहे. म्हणून शेजाऱ्याचे यश पाहावे, पण त्याची नक्कल करण्यापूर्वी आपली भूमी तपासावी.

साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी गावाने निराळा मार्ग धरला. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने स्वतःच नियम करून जंगल तोडणे थांबविले. चारशेहून अधिक हेक्टर रान पुन्हा उभे राहिले. २०२५ साली पवार यांना पद्मश्री हा किताब मिळाला. तेथे यंत्रांपेक्षा गावाची एकजूट अधिक उपयोगी पडली.

पाणी साठविले, तरी ते जपून वापरणेही तितकेच आवश्यक असते. पांझरा नदी शिंदखेडा तालुक्यातच तापीला मिळते. तिच्या काठच्या गावांत पूर्वापार फड पद्धत होती. गावाची जमीन फडांत विभागलेली असे, आणि नदीत पाणी किती आहे हे पाहून कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे, हे सर्व मिळून ठरवीत. पाणी कमी असेल, त्या वर्षी कमी पाण्याची पिके घेत.

पाऊस पाडणे माणसाच्या हाती नाही. पडलेल्या थेंबाला कोठे थांबवावे आणि थांबलेले पाणी कसे वाटून घ्यावे, हे मात्र त्याच्या हाती आहे.