उलटी चाल, अडखळणारे चित्र

प्रश्न : लॅपटॉपवर दोन व्हिडिओ मिक्स करताना क्लिप उलटी फिरवली किंवा स्क्रॅच केली की चित्र अडखळते. फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवाव्यात? जुन्या कॅसेट आणि कॅमेरा कसे जोडावेत?

उत्तर : दोष बहुधा फाइलच्या एच.२६४ कोडेकचा. त्यात पूर्ण फ्रेम अधूनमधूनच असते. मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल नोंदलेले असतात. सरळ प्लेबॅकला हे सोयीचे. उलट जाताना मात्र प्रोसेसरला दर वेळी मागची पूर्ण फ्रेम गाठून तिथून पुन्हा चित्र उभे करावे लागते.

म्हणूनच व्हीजे मंडळी हॅप किंवा रेझोल्यूम या मिक्सिंग सॉफ्टवेअरचा डीएक्सव्ही कोडेक वापरतात. यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि ती उलगडण्याचे मुख्य काम ग्राफिक्स कार्ड करते. किंमत मोजावी लागते ती जागेची : १९२० × १०८०, सेकंदाला २५ फ्रेमची हॅप क्लिप मिनिटाला दीड जीबीपर्यंत जाऊ शकते. एसएसडी हवीच. मिक्सिंगचे सॉफ्टवेअर कोणता कोडेक चालवते, हे आधी तपासावे.

मिनीडीव्ही कॅसेट फायरवायरनेच उतरवावी. मूळ डिजिटल डेटा जसाच्या तसा येतो, तासाला सुमारे १३ जीबी. व्हीएचएससाठी अ‍ॅनालॉग कॅप्चर कार्ड लागते. दोन्हींचे चित्र इंटरलेस्ड असते, त्यामुळे रूपांतर करताना डीइंटरलेस केले नाही तर हलत्या हातापायांच्या कडांवर कंगव्यासारखे दाते दिसतात.

थेट कॅमेऱ्यासाठी यूव्हीसी प्रकारचे एचडीएमआय कॅप्चर कार्ड पुरते. वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कॅमेरा घेताना एचडीएमआयमधून मेनूची अक्षरे न येता निव्वळ चित्र येते का, हे दुकानातच पाहून घ्यावे.