तक्ता वाचायला शिका : दोन टूरिंग मोटारसायकलींचा अभ्यास

कॅडेट मित्रांनो, सुट्टीत घरी आल्यावर मोटारसायकलीविषयी तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काका, यातली जास्त पॉवरफुल कोणती?" प्रश्न चांगला आहे, पण त्याचे उत्तर एका आकड्यात मावत नाही. गाडीच्या माहितीपत्रकात वीस-पंचवीस आकडे दिलेले असतात. ते एकमेकांशी जोडून वाचले की गाडी कशासाठी बांधली आहे ते कळते. या पाठात तेच शिकायचे आहे. अकरावीच्या भौतिकशास्त्राएवढे गणित पुरेल.

मी सेनेच्या ईएमई कोअरमध्ये बावीस वर्षे वाहनदुरुस्तीचे काम केले. आता जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत राहतो. माझा मुलगाही तुमच्यासारखाच कॅडेट आहे. आमच्या गल्लीत दोन मध्यम आकाराच्या टूरिंग मोटारसायकली शेजारी शेजारी उभ्या असतात. एक माझी, रॉयल एनफील्डची हिमालयन ४११, चेन्नईजवळ तयार झालेली. दुसरी शेजाऱ्यांची, बजाजची डॉमिनार ४००, आपल्या पुण्याजवळच्या चाकणची. दोन्ही २०१६ साली बाजारात आल्या. खालचे आकडे त्यांच्या बीएस-६ मॉडेलचे आहेत.

टूरिंग मोटारसायकल म्हणजे सामान आणि मागे माणूस घेऊन दिवसभर न थकवता चालणारी गाडी. या दोघी हे एकच काम दोन वेगळ्या रीतींनी करतात.

१. बोअर आणि स्ट्रोक

सिलिंडरचा आतला व्यास म्हणजे बोअर. पिस्टन वरून खाली जेवढे अंतर जातो तो स्ट्रोक. हिमालयन ४११ चा बोअर ७८ मिमी आणि स्ट्रोक ८६ मिमी. डॉमिनारचा बोअर ८९ मिमी आणि स्ट्रोक ६० मिमी. दोन्ही इंजिने एका सिलिंडरची आहेत.

घनफळ तुम्हीच काढा : ३.१४१६ × त्रिज्या × त्रिज्या × स्ट्रोक. सगळी मापे सेंटिमीटरमध्ये घ्या. हिमालयनचे उत्तर सुमारे ४११ येईल आणि डॉमिनारचे ३७३. हेच ते 'सीसी', म्हणजे घनसेंटिमीटर. डॉमिनारच्या नावात ४०० असले तरी इंजिन ३७३ सीसीचे आहे, हे गणिताने कळते.

हिमालयनचे सिलिंडर उंच आणि अरुंद आहे, त्याला लाँग स्ट्रोक म्हणतात. डॉमिनारचे रुंद आणि बुटके आहे, ते शॉर्ट स्ट्रोक. याचा परिणाम पिस्टनच्या वेगावर होतो. क्रँकच्या एका फेऱ्यात पिस्टन एकदा खाली आणि एकदा वर जातो. म्हणून त्याचा सरासरी वेग = २ × स्ट्रोक × मिनिटाचे फेरे ÷ ६०. हिमालयनची कमाल शक्ती ६,५०० फेऱ्यांना मिळते, तेव्हा पिस्टनचा वेग सेकंदाला सुमारे १८.६ मीटर असतो. डॉमिनारची कमाल शक्ती ८,८०० फेऱ्यांना मिळते, आणि तिथे पिस्टनचा वेग १७.६ मीटर. म्हणजे डॉमिनार मिनिटाला २,३०० फेरे जास्त फिरूनही तिचा पिस्टन थोडा सावकाशच धावतो. आखूड स्ट्रोकचा हा फायदा. शिवाय रुंद बोअरमुळे सिलिंडरच्या डोक्यावर चार व्हॉल्व्ह बसतात आणि जोरात फिरतानाही इंजिनाला हवा पुरते. हिमालयन ४११ ला दोनच व्हॉल्व्ह आहेत.

२. टॉर्क आणि अश्वशक्ती

घट्ट बसलेला नट पान्याने सोडवताना तुम्ही जो पीळ देता तो टॉर्क. तो पीळ देत मिनिटाला किती फेरे मारता, त्यावर शक्ती ठरते. सूत्र असे : शक्ती (किलोवॉट) = टॉर्क (न्यूटन मीटर) × मिनिटाचे फेरे ÷ ९,५४९.

हिमालयनचा कमाल टॉर्क ३२ न्यूटन मीटर, तो ४,००० ते ४,५०० फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो. डॉमिनारचा ३५ न्यूटन मीटर, ६,५०० फेऱ्यांना. टॉर्कमध्ये फरक फार नाही. पण कमाल अश्वशक्ती पाहा : हिमालयन सुमारे २४, डॉमिनार सुमारे ४०. एवढी तफावत आली ती मुख्यतः फेऱ्यांमुळे.

आता रस्त्यावर या. मागे माणूस बसला आहे, दोन्ही बाजूंना सामान आहे आणि चढ लागला आहे. हिमालयन कमी फेऱ्यांतच आपला सगळा पीळ देते, म्हणून गिअर सारखे बदलावे लागत नाहीत. डॉमिनारला तोच पीळ द्यायला फेरे वाढवावे लागतात, म्हणजे गिअर खाली घ्यावा लागतो. उलट मोकळ्या महामार्गावर ट्रक ओलांडायचा असेल तेव्हा डॉमिनारची वरच्या फेऱ्यांतली ताकद कामी येते आणि हिमालयनला वाट पाहावी लागते. मग जास्त 'पॉवरफुल' कोण? आधी काम सांगा, मग उत्तर देता येईल.

सेनेत हा हिशोब जुना आहे. स्वातंत्र्यानंतर सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट ३५० निवडली गेली आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफील्ड इंडिया उभी राहिली. त्या बुलेटचा बोअर ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी. अश्वशक्ती विसाच्याही आत. पण वाळूत, चढावर, ओझे घेऊन ती संथपणे ओढत राहायची आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त व्हायची.

३. उष्णता आणि उंची

मे महिन्यात जयपूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो. हिमालयन ४११ चे इंजिन हवा आणि तेल यांनी थंड होते. त्यात रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, म्हणून दगड लागून फुटण्यासारखे भाग कमी. पण न्यू सांगानेर रोडच्या गर्दीत गाडी रेंगाळली की वारा मिळत नाही आणि पायांना झळ लागते. डॉमिनारला कूलंट, रेडिएटर आणि पंखा आहे. तिचे तापमान जास्त स्थिर राहते, पण दर वेळी कूलंटची पातळी पाहावी लागते.

उंचीचा परिणाम वेगळा. लडाखमधली खारदुंग ला खिंड ५,३०० मीटरांहून उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. फ्युएल इंजेक्शनचा संगणक दाब मोजून पेट्रोल कमी करतो, त्यामुळे मिश्रण योग्य राहते. पण ऑक्सिजनच कमी असल्याने शक्ती घटतेच.

२०२३ च्या नोव्हेंबरात नवी हिमालयन ४५० आली. तिचा बोअर ८४ मिमी, स्ट्रोक ८१.५ मिमी, आणि थंड करायला कूलंट. शक्ती सुमारे ४० अश्व, टॉर्क ४० न्यूटन मीटर. आकडे पाहा : जुनी हिमालयन आणि डॉमिनार यांच्या मधली वाट तिने धरली आहे.

४. चाके

हिमालयनचे पुढचे चाक २१ इंचांचे आहे, डॉमिनारचे १७ इंचांचे. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावरून सहज चढते. पुढच्या फोर्कची हालचालही हिमालयनमध्ये २०० मिमी आहे, म्हणून धक्का हातापर्यंत कमी येतो. डॉमिनारचे लहान चाक आणि रुंद टायर डांबरी रस्त्याच्या वळणांवर चपळ आणि स्थिर वाटतात.

पंक्चरचाही विचार करा. हिमालयन ४११ ला तारांची चाके आणि आत ट्यूब आहे. पंक्चर झाले की चाक उतरवावे लागते. डॉमिनारची चाके अलॉयची आणि टायर ट्यूबलेस, तिथे बाहेरूनच प्लग मारून पुढे जाता येते. मात्र मोठ्या दगडावर आपटून वाकलेले तारांचे चाक गावातला कारागीरही बहुतेक वेळा सरळ करू शकतो. अलॉयला तडा गेला तर चाक बदलावेच लागते.

५. थांबणे

माहितीपत्रकात कमाल शक्ती वरच्या ओळीत छापतात आणि ब्रेक खालच्या. तुम्ही उलट क्रमाने वाचा.

गाडी, चालक आणि सामान मिळून २८० किलो धरा. गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. ताशी ६० किलोमीटरला ती सुमारे ३९ किलोज्यूल होते, आणि १०० ला १०८. वेग पावणेदोन पटही झाला नाही, तोवर ऊर्जा पावणेतीन पट झाली. ही सगळी ब्रेकने उष्णतेत बदलायची असते.

आता अंतर. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा आणि कोरड्या रस्त्यावर मंदन सेकंदाला सेकंदाला ७ मीटर. ताशी ६० ला गाडी ३६.५ मीटरांत थांबते, ८० ला ५७.५ मीटरांत, १०० ला जवळजवळ ८३ मीटरांत. हॉकीचे मैदान ९१.४ मीटर लांब असते. अजमेर रोडवर बगरू, दूदूच्या पुढे संध्याकाळी अचानक नीलगाय आडवी येते. ती हॉकीच्या मैदानाएवढी जागा सोडून येत नाही.

दोन्ही गाड्यांना दोन्ही चाकांवर एबीएस आहे. चाक अडकू लागले की सेन्सरला ते कळते आणि ब्रेकचा दाब क्षणोक्षणी सोडला-धरला जातो. चाक फिरत राहिल्याने हँडल वळवता येते. पण टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाची मर्यादा एबीएस वाढवू शकत नाही. वाळू किंवा सुट्या खडीवर तर त्यामुळे थांबायचे अंतर वाढूही शकते. म्हणूनच २०२० नंतरच्या हिमालयन ४११ मध्ये मागच्या चाकाचे एबीएस कच्च्या वाटेसाठी बंद करता येते. डांबरी रस्त्यावर ते चालूच ठेवायचे.

६. पालकांसाठी

"निवड झाली की गाडी घेऊन देतो" हे वचन बऱ्याच घरांत दिले जाते. मीही दिले आहे, दोन अटी घालून : अठरा वर्षे पूर्ण आणि पक्का परवाना हातात. गिअरच्या मोटारसायकलीसाठी कायद्याने वयाची अट अठराच आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, आयएस ४१५१ या मानकाचे घ्या.

आमच्या वर्कशॉपमधला एक चांगला कारागीर सुट्टीवर गेला आणि मोटारसायकलीवरून पडून मांडीचे हाड मोडून परतला. तो वाचला, पण मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि ज्या कोर्ससाठी त्याने तीन वर्षे तयारी केली होती तो गेला. कॅडेट्स, तुमची वैद्यकीय तपासणी तर अजून व्हायची आहे. हाड जुळते, पण तपासणीची तारीख तुमच्यासाठी थांबत नाही.

७. फर्स्ट परेड

सेनेत गाडी हलवण्याआधी फर्स्ट परेड होते. मोटारसायकलीला पाच मिनिटे लागतात. टायरची हवा आणि त्यात रुतलेले खिळे पाहा. चेनचा ढिलेपणा आणि वंगण पाहा. इंजिन ऑइल, असल्यास कूलंट, दोन्ही ब्रेक, सगळे दिवे, आरसे तपासा. सामान दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे, आणि जड वस्तू खाली बांधा. अजमेरपर्यंत जायचे असो वा पुण्यापर्यंत, यातले एकही काम गाळू नका.

स्वाध्याय

१. हिमालयन ४५० च्या इंजिनाचे घनफळ काढा. ८,००० फेऱ्यांना तिच्या पिस्टनचा सरासरी वेग किती? तो ४११ शी ताडून पाहा.

२. टाकी १५ लिटरची आहे. लिटरला ३० किलोमीटर जाते असे समजा आणि २ लिटर राखीव ठेवा. जयपूर ते अजमेर आणि परत, एकूण २७० किलोमीटर, पेट्रोल न भरता होतील का? किती किलोमीटर शिल्लक राहतील?

३. ओल्या रस्त्यावर मंदन सेकंदाला सेकंदाला ४ मीटर धरा. ताशी ६० आणि ८० ला थांबायचे अंतर काढा.

४. तुमच्या घरी जी गाडी असेल तिचे माहितीपत्रक घ्या, आणि ती कोणत्या कामासाठी बांधली आहे ते पाच ओळींत कारणांसह लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले की ते अंतर परेड ग्राउंडवर पावलांनी मोजून पाहा.