गाठ भाजायची, पण थांबायचं कुठे?

प्रश्न : मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. रुग्ण एमआरआयच्या बोगद्यात, गाठीत बारीक तार घातलेली, आणि डॉक्टर बाहेर बसून पडद्यावरचे लाल-पिवळे रंग बघत लेझरने गाठ जाळताहेत. किती भाग जळणार हे म्हणे संगणक आधीच सांगतो. आमच्याकडे हुरड्याचं कणीस आगटीतून काढल्याशिवाय भाजलं की नाही ते कळत नाही. मग आत न बघता संगणकाला कसं कळतं?
– एक वाचक, पाचोड (ता. पैठण)

उत्तर : आगटीतलं कणीस कच्चं निघालं तर परत घालता येतं, करपलं तर टाकून देता येतं. मेंदूतल्या गाठीला ही सोय नाही. जास्त भाजली तर शेजारचा, बोलण्याचा किंवा हात हलवण्याचा भाग जातो. कमी भाजली तर कडेच्या पेशी पुन्हा वाढतात. उष्णता देणं सोपं आहे, थांबायचं कुठे ते अवघड.

तुम्ही पाहिलेली तार म्हणजे काचेचा तंतू, इंटरनेटच्या फायबरचाच भाऊबंद. त्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जातो. तंतूभोवतीच्या नळीतून थंड द्रव खेळवतात, कारण टोकाशी कोळसा झाला की प्रकाश तिथेच अडतो. म्हणजे खरं तर 'जाळत' नाहीत. गाठ शिजवतात.

शिजायला किती वेळ लागतो? डॉक्टर मंडळी एक ढोबळ हिशेब वापरतात. 43 अंश सेल्सिअसला पेशी मारायला साधारण 240 मिनिटं धरायची, आणि त्यापुढे दर अंशाला वेळ निम्मा करत जायचं. 44 अंशांना 120 मिनिटं, 45 ला 60. असं करत 53 अंशांवर पोचा, हिशेब 14 सेकंदांवर येतो. 57 अंशांवर सेकंदसुद्धा लागत नाही. म्हणून तपमानात दोन-तीन अंशांची चूक झाली की मेलेल्या आणि वाचलेल्या भागाची सीमाच सरकते.

आता संगणकाचं काम. रुग्णाच्या एमआरआय चित्रांवरून गाठीचे हजारो छोटे तुकडे कल्पायचे. प्रत्येक तुकडा किती प्रकाश पितो, शेजाऱ्याला किती उष्णता देतो, आणि त्यातून वाहणारं रक्त किती उष्णता घेऊन जातं, हे क्षणाक्षणाला मांडत जायचं. यातली रक्ताची बाब फार त्रासाची. विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन आठवा. पाणी फिरतंय तोवर ते तापत नाही. गाठीशेजारून मोठी रक्तवाहिनी जात असेल तर त्या बाजूच्या पेशी अशाच थंड राहतात, वाचतात. रक्ताचा हा हिशेब मांडणारं समीकरण हॅरी पेनीस या संशोधकाने 1948 साली प्रसिद्ध केलं. त्यासाठी त्याने माणसांच्या कोपराखालच्या हाताच्या आतलं तपमान मोजलं होतं. मेंदूची शस्त्रक्रिया त्याच्या मनातही नसावी, पण आजही बहुतेक प्रारूपांची सुरुवात त्याच्यापासून होते. मोठी रक्तवाहिनी मात्र त्या समीकरणात नीट बसत नाही, ती वेगळी मांडावी लागते.

त्यात आणखी एक गुंता. अंडं शिजताना पारदर्शक भाग पांढरा होतो, तसंच गाठीचं होतं. शिजलेल्या भागात प्रकाश जास्त विखुरतो आणि रक्तही थांबतं. सुरुवातीला गृहीत धरलेले आकडे पाच मिनिटांनी खरे उरत नाहीत.

म्हणून व्हिडिओतलं ते 'आधीच' मला खटकलं. आधी सांगतो तो अंदाज. तो पडताळून बघायचं काम एमआरआय करतं, आणि कसं ते बघण्यासारखं आहे. शरीरातल्या पाण्यामधल्या हायड्रोजनकडून येणाऱ्या संकेताची कंपनसंख्या तपमान वाढलं की किंचित उतरते: दर अंशाला 10 कोटींमागे साधारण एक. 1.5 टेस्लाच्या यंत्रात मूळ कंपनं सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख, म्हणजे एका अंशाने पाऊण कंपनही कमी होत नाही. एवढासा फरक यंत्र पकडतं, आधीच्या चित्रातून आताचं वजा करतं, आणि तेच ते लाल-पिवळे रंग. चरबीत ही युक्ती चालत नाही.

अंदाज आणि मोजणी यांची सांगड टेक्सासमधल्या संशोधकांनी 2009 च्या सुमारास कुत्र्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीवर घालून दाखवली. लेझर आणि एमआरआय ह्यूस्टनला, गणित करणारा संगणक ऑस्टिनला. अंतर जवळपास संभाजीनगर ते पुण्याएवढं. तपमानाची चित्रं तिकडे जात, संगणक आपले आकडे दुरुस्त करी आणि लेझर किती तेज ठेवायचा ते परत कळवी.

आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या संस्थांनी वेगळ्या बाजूने हात घातला. प्रकाश फक्त गाठीनेच जास्त प्यावा म्हणून त्यांनी सोन्याचा मुलामा दिलेले, शरीरात विरघळून जाणारे सूक्ष्म कण वापरले. उंदरांवरचे हे प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाले. माणसावर वापरायची ही गोष्ट अजून नव्हे.

एमआरआयवर बघत लेझरने गाठ शिजवण्याची पद्धत मेंदूत रुजली, कारण कवटीत मेंदू फारसा हलत नाही. यकृत मात्र प्रत्येक श्वासाला खाली-वर होतं, चित्रातून चित्र वजा करायला गेलं की ताळा चुकतो. यकृताच्या लहान गाठींसाठी आपल्याकडे रेडिओलहरी किंवा सूक्ष्मलहरींची सुई जास्त वापरतात. उष्णता देणारं साधन निराळं, रक्ताचा हिशेब तोच. घरात कुणाला असा उपचार सुचवला, तर रंगीत चित्र बघून भारावून जाऊ नका. डॉक्टरांना एवढं विचारा : गाठीला खेटून मोठी रक्तवाहिनी आहे का, आणि असेल तर त्या बाजूची कड मेली की नाही, हे नंतर कसं आणि किती दिवसांनी तपासणार?