वजनांच्या चाकावर मोटर चालेल का?

प्रश्न : सर, मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतोय. मोठं लोखंडी चाक, त्याच्या कडेला बिजागरीवर हलणारी वजनं. एकदा धक्का दिला की वजनांच्या भारानं चाक आपोआप फिरत राहतं आणि त्यावर जनरेटर चालतो, असं दाखवतात. लाईट नको, डिझेल नको. आमच्याकडं बोअरवर ५ एचपीची मोटर आहे आणि लाईटची पाळी बऱ्याचदा रात्रीची असते. असं चाक बनवून देतो म्हणणारा एक जण ॲडव्हान्स मागतोय. माझी मुलगी दहावीला आहे. ती म्हणते, हे होणं शक्य नाही. मी तिला विचारलं, चंद्र आणि उपग्रह इंधनाशिवाय फिरतात, मग चाक का फिरणार नाही? तिथं ती अडली. आमचा वाद तुम्हीच सोडवा.
— एक शेतकरी वाचक, देगलूर तालुका

उत्तर : आधी कामाचं सांगतो. ॲडव्हान्स देऊ नका. मुलीचं म्हणणं बरोबर आहे. पण तुम्ही तिला विचारलेला प्रश्न मोलाचा आहे. चाक का थांबतं हे पुष्कळांना सांगता येतं. चंद्र का थांबत नाही, हे सांगताना भलेभले अडखळतात. दोन्हींची उत्तरं एकाच हिशेबात आहेत. तो पायरीपायरीनं मांडू.

चाक फिरतं कशानं?

नांदेडहून देगलूरमार्गे संगारेड्डीकडे जाणाऱ्या १६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर टायरच्या एखाद्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहा. ट्रकच्या चाकाचा नट गंजून बसला असेल, तर कारागीर पान्याला लांब पाइप जोडतो आणि पाइपच्या टोकाला जोर लावतो. जोर तेवढाच, पण नटापासूनचं अंतर दुप्पट झालं की फिरवण्याची ताकद दुप्पट होते. पाठ्यपुस्तकात हिला बलाचं आघूर्ण म्हणतात, गॅरेजात टॉर्क.

इथंच दुसरी गोष्टही पाहून ठेवा. तोच पाना नटाच्या दिशेनं सरळ आत ढकलला, तर कितीही जोर लावा, नट फिरत नाही. बलाची रेषा मध्यातून गेली की आघूर्ण शून्य. चंद्रापाशी पोचल्यावर याची गरज लागेल.

आता व्हिडिओतलं चाक. उतरत्या बाजूला वजनं बाहेर पसरतात, म्हणजे आसापासून लांब जातात. चढत्या बाजूला ती आत दुमडतात, म्हणजे आसाजवळ येतात. लांबच्या वजनाचं आघूर्ण जास्त, म्हणून चाक उतरत्या बाजूला फिरतच राहणार, असा युक्तिवाद असतो. त्यातली निरीक्षणं खरी आहेत, निष्कर्ष मात्र चुकतो, कारण एक गोष्ट सांगायची राहते. प्रत्येक वजन माथ्यावर पलटी खाऊन पुढे पडतं, त्यामुळे उतरत्या बाजूला वजनं विरळ राहतात आणि चढत्या बाजूला दाटीनं जमतात. समजा सगळी वजनं सारखी आहेत. उतरत्या बाजूला ४ वजनं, आसापासून सरासरी ६० सेंटिमीटर आडव्या अंतरावर. चढत्या बाजूला ६ वजनं, सरासरी ४० सेंटिमीटरवर. चार गुणिले साठ, दोनशे चाळीस. सहा गुणिले चाळीस, तेही दोनशे चाळीस. चाक थोडं हललं की आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण पूर्ण फेरीची बेरीज शून्यच येते.

कारण सरळ आहे. १ किलोचं वजन १ मीटर खाली आलं की ९.८ जूल ऊर्जा मिळते, आणि तेच वजन १ मीटर वर न्यायला तेवढीच लागते. देगलूरच्या अक्षांशावर हा आकडा ९.७८ च्या आसपास आहे, ध्रुवांवर ९.८३, पण जिथं जो आकडा असेल, तो उतरताना आणि चढताना सारखाच असतो. वजन कोणत्या वाटेनं गेलं, बिजागरीवरून गेलं की सरळ गेलं, यानं काही फरक पडत नाही. फेरी पूर्ण झाली म्हणजे वजन होतं तिथं परत आलं. गुरुत्वाकर्षणानं दिलेलं सगळं त्यानं परत घेतलं. वर बेअरिंगचं घर्षण आणि हवेचा अडथळा आपला वाटा काढून घेतातच.

मुलीबरोबर एक प्रयोग करा. सायकल सीट आणि हँडलवर उलटी ठेवा. पुढच्या चाकाच्या रिमला एक जड नट घट्ट बांधा. नट आसाच्या बरोबरीनं बाजूला आणा आणि धक्का न देता सोडा. तो खाली येईल, पलीकडे चढेल, आणि सोडल्या उंचीच्या जरा खालीच थांबून माघारी वळेल. दर खेपेला थोडा कमी चढेल आणि शेवटी तळाशी स्थिरावेल. आणखी नट बांधा, कुठेही बांधा. एखादा नट वर गेला तरी सगळ्या नटांचा मिळून गुरुत्वमध्य सोडल्या उंचीच्या वर एकदाही जाणार नाही.

हे चाक आपल्याकडचं जुनं आहे

या कल्पनेला हसण्याचं कारण नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या यंत्राध्यायात असंच एक चाक आहे : हलक्या लाकडाचं, पोकळ आऱ्यांचं, आऱ्यांत अर्धवट पारा भरलेलं, आपोआप फिरणारं. त्यांच्याही आधी, ७व्या शतकात, ब्रह्मगुप्तांनी अशा चाकाचं वर्णन केलं होतं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात आहे. पृथ्वी जड वस्तूंना स्वतःकडे ओढते, हे ज्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं, त्याच आचार्यांनी हे चाकही मांडलं. ऊर्जेचा जमाखर्च मांडण्याची रीत तेव्हा जगात कुठेच नव्हती. ती १९व्या शतकाच्या मध्याला मायर, ज्यूल आणि हेल्महोल्ट्झ यांच्या कामातून पक्की झाली. युरोपातही १३व्या शतकापासून लोक हे चाक काढत होते. अखेर १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं अशा यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासणार नाही, असं ठरवलं. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३ (अ) निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणाऱ्या दाव्याला पेटंट नाकारतं. म्हणून ‘पेटंट घेतलंय’ असं कुणी म्हणालं, तर कागद बघायला मागा.

तुमच्या मोटरचा हिशेब

५ एचपी म्हणजे सुमारे ३,७३० वॅट, दर सेकंदाला ३,७३० जूल. एवढं काम निव्वळ वजनाच्या उतरण्यातून हवं असेल, तर १ टनाचं वजन दर सेकंदाला ३८ सेंटिमीटर खाली यायला हवं. तासाभरात ते जवळपास १,३७० मीटर उतरेल. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे मोटर एक तास चालवायला १ टन लोखंड जवळजवळ कळसूबाईएवढ्या उंचीवरून सोडावं लागेल, आणि पुढच्या तासासाठी कुणीतरी ते परत वर चढवून ठेवावं लागेल. व्हिडिओतल्या चाकाची वजनं फार तर दोन मीटर खालीवर होतात, आणि जेवढी उतरतात तेवढीच चढतात.

मग चंद्र कसा फिरतो?

आता मुलगी जिथं अडली तिथं येऊ. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि सेकंदाला साधारण १ किलोमीटर वेगानं आडवा धावतो. त्याच सेकंदात पृथ्वी त्याला सुमारे १.४ मिलिमीटर स्वतःकडे ओढते. चंद्र पडतोच आहे, सतत पडतो आहे. पण आडव्या वेगामुळे तो पृथ्वीच्या बाजूनं वळत राहतो. ओढ नसती तर तो सरळ रेषेत निघून गेला असता, आडवा वेग नसता तर येऊन आदळला असता.

आता पाना आठवा. पृथ्वीची ओढ नेहमी पृथ्वीच्या मध्याकडे असते, म्हणजे बलाची रेषा मध्यातूनच जाते. आघूर्ण शून्य. चंद्राची कक्षा जवळपास वर्तुळाकार आहे, म्हणून ओढ त्याच्या वेगाला जवळजवळ काटकोनात असते. ती दिशा वळवते, वेग फारसा वाढवत किंवा घटवत नाही. घर्षण करायला तिथं हवा नाही. म्हणून त्याला इंधन लागत नाही. एका जागी ठेवलेल्या दगडाला तिथंच पडून राहायला जसं काही लागत नाही, तसंच हेही.

तुमच्या चाकात आणि चंद्रात फरक इथं आहे. चंद्र फिरतो, पण कुणासाठी पाणी उपसत नाही. तुम्हाला नुसतं फिरणारं चाक नको आहे, कामाचं चाक हवं आहे. आणि फिरणाऱ्या वस्तूकडून काम घ्यायला गेलं की तिच्याजवळची ऊर्जा कमी होतेच, मग ती चंद्र असो की चाक.

याचा पुरावाही आकाशातच आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. तिथं अगदी विरळ का होईना, हवा आहे. तिच्या घर्षणानं स्थानक हळूहळू खाली येतं आणि अधूनमधून इंधन जाळून त्याला वर चढवावं लागतं. तुमच्या घरावर डीडी फ्री डिशची छत्री असेल तर ती पाहा : तोंड आग्नेयेला, वर साधारण ६० अंशांवर. तिकडे विषुववृत्ताच्या वर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर जीसॅट-१५ हा उपग्रह आहे. त्या उंचीवर एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीएवढ्याच वेळात होते, म्हणून छत्रीला तो एका जागी दिसतो. पण सूर्याची आणि चंद्राची ओढ त्याला जागेवरून हलवत राहते. त्याला जागेवर आणायला त्याच्या टाकीत इंधन भरून पाठवावं लागतं आणि ते संपत आलं की उपग्रहाचं काम संपतं.

खुद्द चंद्रही एक काम करतो. तो समुद्राला भरती आणतो. भरतीचा फुगवटा चंद्राच्या बरोबर खाली राहत नाही. पृथ्वीच्या फिरण्यानं तो जरा पुढे ओढला जातो. त्यामुळे चंद्राची ओढ थोडी मध्याबाहेरून लागते आणि आघूर्ण तयार होतं. ते पृथ्वीला ब्रेकसारखं लागतं : शंभर वर्षांत दिवस सुमारे २ मिलिसेकंदांनी लांबतो. त्याच आघूर्णाची दुसरी बाजू चंद्राला बाहेर ढकलते. तो दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर लांब जातो. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर सोडून हे मोजलं गेलं आहे. कोकणच्या खाड्यांत दिवसातून दोनदा चढणाऱ्या पाण्याची ऊर्जासुद्धा फुकटची नाही. पृथ्वीच्या फिरण्यातून ती वजा होते.

धरणाची वीज तर गुरुत्वाकर्षणावरच चालते ना?

हा प्रश्न आता मनात येणारच. धरणात पाणी उतरताना चाक फिरवतं, पण ते पाणी वर कुणी नेलं? सूर्यानं. समुद्राची वाफ करून, ढग करून, घाटमाथ्यावर पाऊस पाडून. चढवण्याचा खर्च सूर्यानं केला म्हणून उतरताना आपल्याला वीज मिळते.

सूर्यावर न सोडता माणसानंच पाणी चढवलं तर काय होतं, तेही महाराष्ट्रात पाहायला मिळतं. अकोले तालुक्यातला घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प घ्या. विजेची मागणी कमी असते तेव्हा वीज वापरून खालचं पाणी सुमारे ४०० मीटर वर चढवतात. मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज करतात. चढवायला जेवढी वीज लागते, तिच्याहून कमी परत येते. हे ठाऊक असूनही तो बांधला, कारण नको त्या वेळची वीज हव्या त्या वेळी वापरता येते. गुरुत्वाकर्षण ऊर्जा जपून ठेवायला उत्तम आहे. नवी ऊर्जा मात्र ते तयार करत नाही.

विक्रेत्याला काय विचाराल?

‘चाक फिरतं का?’ असं विचारू नका. चांगल्या बेअरिंगवरचं जड चाक एका धक्क्यावर बराच वेळ फिरतं, आणि लपवलेल्या बॅटरीवर तर दिवसभर. त्याला सांगा : चाक माझ्या शेतात आणा, पाया उघडा ठेवा, बाहेरून एकही वायर नको. माझी ५ एचपीची मोटर जोडा, बोअरचं पाणी पाटात पडू दे, आणि असं सलग २४ तास चालवा. पैसे त्यानंतर. मोटरचा भार पडताच चाक मंदावताना तुमच्या डोळ्यांसमोर दिसेल.

दिवसा पाणी हवं, ही तुमची गरज खरी आहे आणि तिच्यावर खरा उपाय आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत ३, ५ आणि ७.५ एचपीचे पंप मिळतात. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्यानं किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यानं ५ टक्के भरायचे असतात. अर्ज महावितरणकडे करा. ॲडव्हान्ससाठी काढून ठेवलेले पैसे या हिश्शाला लावा.