गव्हावरचा तांबेरा आणि दव

इयत्ता ४ थी



गेल्या वर्षी आमच्या एक एकरात गहू फक्त पाच पोती झाला. एरवी बारा पोती होतो. दाणे इतके चिमलेले होते, की आजी सुपात पाखडू लागली म्हणजे निम्मे दाणे भुशाबरोबर उडून जायचे. उन्हाळ्यात आम्ही खायला गहू विकत आणला. शेतकऱ्याच्या घरी गहू विकत आणायचा म्हणजे आबांना फार वाईट वाटले. हे सगळे तांबेऱ्यामुळे झाले. म्हणून या अंकात मी तांबेऱ्याची माहिती लिहीत आहे.

तांबेरा मला पहिल्यांदा माझ्या शर्टावर दिसला. मी गव्हातून पळत विहिरीवर गेले होते. घरी आले तर शाळेचा पांढरा शर्ट तांबूस झालेला. आई रागावली. मला वाटले, मोटारीच्या पाइपाचा गंज लागला असेल. पण आबांनी बोटाने शर्ट पुसला आणि ते एकदम गप्पच झाले. मग म्हणाले, "हा गंज नाही पोरी, तांबेरा आलाय."

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी एक पान भिंगाखाली धरून दाखवले. पानावर नारिंगी-तपकिरी रंगाचे बारीक फोड होते. फोड फुटला की त्यातून भुकटी निघते. त्या भुकटीचा एकेक कण म्हणजे बुरशीचे बी. त्याला बीजाणू म्हणतात. एका फोडात असे हजारो बीजाणू असतात. पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर बुरशी येते, तशीच हीही एक बुरशी आहे. पण ही शिळ्यापाक्यावर जगत नाही, हिला हिरवे जिवंत पानच लागते.

तांबेरा तीन प्रकारचा आहे. पानावरचा नारिंगी तांबेरा आमच्याकडे आला होता. दुसरा खोडावरचा, त्याला काळा तांबेरा म्हणतात, कारण शेवटी त्याचे पट्टे काळे पडतात. त्याला जरा ऊब आवडते. तिसरा पिवळा, त्याला खूप गारवा लागतो. म्हणून तो पंजाब, हिमाचल प्रदेशाकडे जास्त येतो.

आता मुख्य गोष्ट सांगते. बीजाणू कोरड्या पानावर पडला तर त्याला काहीच करता येत नाही. पान ओले पाहिजे. ओल्या पानावर त्याला कोंब फुटतो आणि पानाला जी बारीक भोके असतात, म्हणजे पर्णरंध्रे, त्यातून तो आत शिरतो. याला साधारण सहा ते आठ तास लागतात. तेवढ्यात पान वाळले तर कोंब सुकून मरतो. आत शिरला तर मात्र सात ते दहा दिवसांत नवे फोड येतात. मग त्यांची भुकटी वाऱ्याने पुढच्या पानांवर.

मला हे खरे वाटेना. म्हणून मी दोन पत्र्याच्या डब्यांत गहू पेरला. रोपे वीतभर झाल्यावर दोन्हींवर तांबेऱ्याचे पान घासले. एक डबा रात्री अंगणात उघड्यावर ठेवला, एक पडवीत. अंगणातला डबा सकाळी दवाने भिजलेला असायचा, पडवीतला कोरडा. नवव्या दिवशी अंगणातल्या रोपांवर फोड मोजता येईनात. पडवीतल्या डब्यात दोनच पानांवर ठिपके आले. तेही आले नसते, पण माझ्या धाकट्या भावाने तांब्याभर पाणी ओतले होते. तो नाही म्हणतो, पण मी पाहिले आहे.

इथे मला एक कोडे पडले. आबा नेहमी म्हणतात, "आभाळ आलं की तांबेरा आला म्हणून समज." पण आभाळ असले की दव पडत नाही! दव पडायला रात्र निरभ्र आणि वारा पडलेला लागतो. मग आबांचे चुकते की काय? गुरुजींना विचारले, तर म्हणाले की आबांचेही बरोबर आहे. आभाळाने झिमझिम पाऊस आला की पान दवापेक्षा जास्त भिजते. वर उडत असलेले बीजाणूही पावसाच्या थेंबांबरोबर खाली येतात. शिवाय रात्रीची थंडी कमी होते. फार कडक थंडीत या नारिंगी तांबेऱ्याचे काम सावकाश चालते, पंधरा ते वीस अंश त्याला बरे पडते. आणि सर्वांत वाईट म्हणजे रात्री दव आणि सकाळी ढग किंवा धुके. ऊन येत नाही, पान दहा-अकरा वाजेपर्यंत ओलेच राहते. आपल्या निफाड तालुक्यातले द्राक्षबागवाले सकाळी उठून आधी पाने बघतात, ते यामुळेच. त्यांची डावणीही ओल्या पानावरच वाढते. पण गव्हाचा तांबेरा द्राक्षावर जात नाही. माझ्या मैत्रिणीच्या अण्णांना ती भीती वाटत होती, त्यांनी घाबरू नये.

मग उन्हाळ्यात तांबेरा कुठे जातो? आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गहू नसतो आणि उन्हाने बीजाणू मरतात. याचा शोध आग्र्याच्या कॉलेजातले डॉ. करमचंद मेहता यांनी लावला. त्यांनी पुष्कळ वर्षे काम करून दाखवले, की तांबेरा उन्हाळ्यात थंड डोंगरांवर राहतो. उत्तरेत हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी व पळणीच्या डोंगरांवर. तिथून तो दर वर्षी वाऱ्याने खाली येतो. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळे होतात. त्यांच्या वाऱ्याबरोबर काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू शेकडो मैल येतात आणि पाऊस त्यांना शेतात उतरवतो. तामिळनाडूचा रोग आपल्या गावात तिकिटाशिवाय येतो, असे गुरुजी म्हणाले तेव्हा सगळे हसले. पण हसण्यासारखे नाही. १९४६-४७ साली मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने सुमारे वीस लाख टन गहू गेला.

आपल्या महाबळेश्वरलाही हवा थंड व दमट असते. तिथे गव्हाच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र आहे. कोणती जात टिकते आणि कोणती पडते ते तिथे बघतात.

आमचे गेल्या वर्षी काय चुकले ते मी, आबा आणि अण्णांनी बसून काढले. परतीच्या पावसाने मका लवकर निघाला नाही, म्हणून पेरणी डिसेंबरात गेली. उशिराचा गहू फेब्रुवारी-मार्चमध्येही हिरवा असतो आणि तोवर तांबेऱ्याची पिढ्यामागून पिढी वाढते. बी घरचे लोकवन होते. लोकवनची पोळी मऊ होते, पण त्यावर तांबेरा लवकर येतो. शेजारच्या मळ्यात निफाडच्या केंद्राचा त्र्यंबक होता, त्यावर जवळजवळ नव्हताच. आणि वीज रात्रीची होती, म्हणून अण्णा रात्री तुषार लावायचे. म्हणजे दव कमी होते म्हणून आपणच पान भिजवले! मी हे बोलले तेव्हा अण्णा चिडले. "वीजच रात्री येते, मी काय सूर्य बांधून ठेवू?" असे म्हणाले. नंतर दोन दिवस ते काही बोलले नाहीत.

या वर्षी पेरणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. अर्ध्या रानात त्र्यंबक आहे, अर्ध्यात लोकवन, कारण आजी ऐकत नाही. रात्रीच्या विजेला अण्णा आता साऱ्यातून पाणी देतात, तुषार फक्त दिवसा लावतात.

मी रोज शाळेत येण्याआधी दव किती वाजता वाळले ते वहीत लिहिते. मोकळ्या रानात साडेआठपर्यंत वाळते. बाभळीच्या सावलीत मात्र साडेनऊ होतात, म्हणून ते मला सुट्टीच्या दिवशीच लिहिता येते. गेल्या वर्षी तांबेरा पहिल्यांदा त्या बाभळीखालीच आला होता, म्हणून मी तिथली पाने जास्त बघते. काल एका पानावर तांबूस ठिपका दिसला. माझ्या पोटात धस्स झाले. पांढरा रुमाल घासून पाहिला, तर माती निघाली.