रोजगारासाठी ग्रंथालयातील टेबल

हिशेब लिहिणे, जीएसटीची विवरणपत्रे भरणे, भाषांतर, नकाशे काढणे ही कामे आता मुंबईच्या किंवा दुबईच्या कंपनीसाठी मालेगावात बसूनही करता येतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर ही पद्धत रूढ झाली. पण घरबसल्या काम म्हणावे, तर आपल्या वस्त्यांत घरात बसायलाच जागा नसते. दोन खोल्यांत सात-आठ माणसे आणि शेजारी यंत्रमागाचा खडखडाट. ग्राहकाशी दहा मिनिटे बोलणेही कठीण. टेबल भाड्याने देणारी कार्यालये शहरांत निघाली आहेत, परंतु नवख्याची पहिली कमाई त्यांच्या भाड्यातच जाते. म्हणून आम्ही तरुणांचे लक्ष सार्वजनिक ग्रंथालयाकडे वेधू इच्छितो.

ही कल्पना पाश्चात्त्यांकडूनच आली असे समजण्याचे कारण नाही. फातिमी खलिफा अल-हाकिम याने इ. स. १००५ मध्ये कैरोत दारुल-इल्म स्थापन केले. तेथे कोणी वाचायला येई, कोणी ग्रंथाची नक्कल उतरवून घ्यायला, आणि शाई, कागद व लेखणी मोफत मिळे. आज शाईच्या जागी वीज आली आहे, आणि आपल्या जुन्या ग्रंथालयांत नेमके प्लगच कमी असतात!

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदानित ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. लहान ग्रंथालय दिवसाचे थोडेच तास उघडे असते. त्याच्या भरवशावर आठ तासांची नोकरी पत्करू नये. मोठे ग्रंथालय गाठावे, वेळा आधी विचाराव्यात आणि ग्रंथपालांना आपले काम स्पष्ट सांगून परवानगी घ्यावी. न विचारता दिवसभर प्लग वापरणे आम्हाला योग्य वाटत नाही. ती वीज सर्वांच्या पैशाची आहे.

खरा पेच अभ्यासिकेत आहे. तेथील खुर्च्यांवर स्पर्धा परीक्षांची मुले सकाळपासून बसलेली असतात. आमच्या मते पहिला हक्क त्यांचाच. कमावणाऱ्याने रीतसर वर्गणी भरावी, गर्दी नसेल तेव्हा यावे व फोन बाहेर जाऊन करावा. व्हिडिओवरील बैठक तर वाचनकक्षात नकोच. अशी कामे एका ठरावीक तासात गोळा करून तेवढ्यापुरते दुसरीकडे बसावे.

ग्राहकाचे कागद ही अमानत आहे. ग्रंथालयाच्या सामाईक संगणकावर त्याचा पासवर्ड कधीही टाकू नये. आपलाच लॅपटॉप आणि आपल्याच मोबाईलचे इंटरनेट वापरावे. नमाजला उठताना लॅपटॉप बंद करून सोबत न्यावा. व्यवसायाच्या नोंदणीत ग्रंथालयाचा पत्ता देता येत नाही. तेथे राहत्या घराचा पत्ता द्यावा आणि घर दुसऱ्याच्या नावे असेल तर मालकाचे संमतिपत्र जोडावे.

मुलींच्या दृष्टीने ही सोय अधिक मोलाची आहे. मुलीने हॉटेलात लॅपटॉप उघडून बसणे ज्या पालकांना रुचत नाही, ते ग्रंथालयाला सहसा हरकत घेत नाहीत. मोहल्ल्यातील आपली काही वाचनालये मात्र संध्याकाळी वर्तमानपत्रांपुरतीच उघडतात व दिवसभर कुलूपबंद असतात. त्यांच्या विश्वस्तांनी नवे कपाट घेण्याआधी दोन टेबले, चार प्लग आणि दुपारी बसणारा एक माणूस यांचा खर्च मांडून पाहावा.