द्वाड मूल आणि शाळा

'पोरगं वर्गात मारामारी करतं, मास्तर रोज बोलावतात; त्याला कुठंतरी कडक शिस्तीत टाकावं काय?' असे वारकरी मंडळी आम्हांस वरचेवर विचारतात. काळजी खरी आहे. पण कडक म्हणजे मार, असा अर्थ धरून वर गोरोबाकाकांच्या थापटण्याचा दाखला देतात, तो आम्हांस पटत नाही.

तेरची ती कथा सर्वांस ठाऊक आहे. मुक्ताईंच्या सांगण्यावरून काकांनी संतांची डोकी थापटली. बाकीचे स्वस्थ राहिले, नामदेव तेवढे रागावले आणि मडके कच्चे ठरले. थापटणे पारखण्यापुरते होते. मडके पक्के होते ते आव्याच्या धगीने. नामदेवांना संतमेळ्यातून कोणी काढले नाही. विठ्ठलाने त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शाळेत मारणे व मानसिक छळ करणे बंद केले (कलम १७). आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही (कलम १६). मात्र मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था २०१२ च्या दुरुस्तीने या कायद्याबाहेर आहेत. तेथे पोर ठेवणाऱ्याने अधिकच चौकशी करावी.

मग करावे काय? घराने व शाळेने मिळून पाहावे, की खोडी केव्हा होते, आधी काय घडते, नंतर पोराला काय मिळते. वाचनाची पाळी आली की भांडण निघत असेल, तर बहुधा त्याला वाचता येत नाही. वर्गाबाहेर काढले की सुटला! शिक्षा हीच बक्षिसी झाली. डोळे, कान तपासून घ्यावेत. फळा न दिसणाऱ्याला आपण उनाड म्हणतो. भजनात तासभर टाळ धरणारे पोर वर्गात दहा मिनिटे बसत नसेल, तर तेही मास्तरांना सांगावे. तिथं त्याच्या हाताला काम असतं.

आणखी एक, जरा बोचणारे. ज्येष्ठ वद्यात पालख्या निघतात, बहुधा त्याच सुमारास शाळा उघडतात. आईबाप वारीत, पोर नव्या वर्गात. तक्रारी वाढल्या तर नवल ते काय? निघण्यापूर्वी वर्गशिक्षकांना भेटावे, मागे कोणाला बोलवायचे ते सांगावे, मुक्कामावरून रोज ठरल्या वेळी पोराला फोन करावा. हरिपाठाला थोडा उशीर झाला म्हणून विठोबा रागावेल, असे आम्हांस वाटत नाही.

सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत निदान पाऊण हिस्सा पालकांचा असतो. भजनी मंडळापैकी कोणी तेथे असेल, तर 'काढा त्या पोराला' म्हणणाऱ्यांना कलम १६ वाचून दाखवावे, आणि मास्तरांच्या मदतीला आठवड्यातून एक दिवस कोण येईल, ते त्याच सभेत विचारावे.